वेग, उष्णता आणि एक काळें विमान

यंत्राचें आयुष्य संपलें म्हणजे सामान्यतः त्याची रवानगी मोडींत होते. आगगाडीचें जुनें इंजिन, बंद पडलेली आगबोट, उड्डाणास नालायक ठरलेलें विमान, यांची आठवण त्यांवर काम केलेल्या माणसांना राहते. इतरांना तीं विसरावयास फार दिवस लागत नाहींत. परंतु एक विमान या नियमाला ठळक अपवाद ठरलें आहे. अमेरिकेच्या हवाई दलांतून तें १९९८ मध्यें कायमचें निवृत्त झालें आणि त्याचें अखेरचें उड्डाण १९९९ च्या ऑक्टोबर महिन्यांत झालें. तरीही व्हर्जिनिया राज्यांत शँटिली येथील संग्रहालयांत पाऊल टाकणारा पाहुणा प्रथम त्याच्याच पुढें थबकतो. त्याच्या मागील दालनांत अवकाशांत जाऊन आलेलें 'डिस्कव्हरी' यान ठेवलेलें आहे. पण आधीं दृष्टि खिळते ती या काळ्या, लांबट, चपट्या आकृतीवर. हें विमान उडत होतें तेव्हां ज्यांचा जन्मही झाला नव्हता, असे तरुण त्याची माहिती आज तोंडपाठ म्हणून दाखवितात. या विमानाचें अधिकृत नांव एस्. आर्. ७१, लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव 'ब्लॅकबर्ड', म्हणजे काळा पक्षी.

एका टेहळणी विमानावर एवढें प्रेम कां जडावें? 'तें सर्वांत वेगवान होतें म्हणून', हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. वेगाचे आंकडे कागदावर वाचून विसरतां येतात. या विमानाचें आकर्षण त्याच्या चमत्कारिक रूपांत आहे, आणि त्या रूपांतील जवळ जवळ प्रत्येक रेषा उष्णता या एकाच शत्रूशीं झालेल्या झगड्यांतून उमटलेली आहे. तो झगडा समजला म्हणजे हें प्रेमही समजतें, आणि त्या प्रेमाला कोठें आवर घालावा तेंही समजतें.

प्रथम हें विमान हवें कां झालें, तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांच्यामध्यें संशयाचें धुकें दाटलें. प्रतिपक्षाजवळ बाँबफेकी विमानें किती आणि क्षेपणास्त्रें किती, हें जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आकाशांतून छायाचित्रें घेणें. १९५६ पासून अमेरिकेचें यू-२ नांवाचें विमान सुमारें ७०,००० फुटांवरून रशियाच्या भूमीवर उडूं लागलें. त्याचें सारें बळ उंचींत होतें; गति मात्र बेताचीच. १ मे १९६० रोजीं स्व्हेर्डलोव्स्क शहराजवळ रशियन क्षेपणास्त्रानें तें पाडलें. फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हा वैमानिक जिवंत हातीं सांपडला, आणि त्याच महिन्यांत पॅरिस येथें भरलेली राष्ट्रप्रमुखांची परिषद या प्रकरणावरून मोडली. नुसत्या उंचीवर आतां भागणार नाहीं, हें उघड झालें.

हा दिवस केव्हां तरी येणार हें ज्यांनीं ओळखलें होतें, त्यांत लॉकहीड कंपनीचे अभियंते केली जॉन्सन हे होते. यू-२ हें विमान त्यांचेंच. कंपनीच्या बर्बँक येथील कारखान्यांत त्यांचा एक लहानसा, गुप्तपणें काम करणारा विभाग होता. त्याला 'स्कंक वर्क्स' असें गंमतीदार नांव पडलें होतें. त्यांच्या नव्या आराखड्याची निवड अमेरिकन गुप्तहेर खात्यानें १९५९ मध्येंच केली होती. कल्पना साधी होती : विमानानें ८०,००० फुटांहून अधिक उंचीवरून ध्वनीच्या तिप्पट वेगानें जावें. शत्रूच्या रडारानें त्याला पाहून क्षेपणास्त्र सोडावें आणि तें वर पोंचावें, तोंपर्यंत विमान कितीतरी मैल पुढें निघून गेलेलें असावें. या कल्पनेंतून प्रथम ए-१२ हें एका माणसाचें विमान जन्मलें. तें १९६२ च्या एप्रिलांत उडालें. हवाई दलासाठीं त्याचीच थोडी मोठी, दोन माणसांची आवृत्ति करण्यांत आली. तीच एस्. आर्. ७१. २२ डिसेंबर १९६४ रोजीं तिनें पहिलें उड्डाण केलें, आणि १९६६ च्या जानेवारींत तीं विमानें कॅलिफोर्नियांतील बील येथील तळावर सेवेंत रुजू झालीं. अशीं अवघीं ३२ विमानें बांधलीं गेलीं.

कल्पना साधी असली तरी ती पार पाडणें अत्यंत बिकट होतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. हवा जोरानें दाबली कीं तापते. ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणारें विमान आपल्या पुढील हवेला बाजूस होण्यास सवडच देत नाहीं. ती दाबली जाते आणि भयंकर तापते. त्या उंचीवर बाहेरची हवा शून्याखालीं ५५ अंशांपर्यंत थंड असते. तरीही या विमानाची कातडी ठिकठिकाणीं २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापे, आणि इंजिनांजवळ तर त्याहूनही पुष्कळ अधिक. विमानें ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचीं करतात, ते दीडशें अंशांच्या पुढें आपलें बळ गमावूं लागतात. पोलाद टिकलें असतें, पण त्याचें ओझें झेपलें नसतें. उरला टिटॅनियम : उष्णतेंतही मजबूत राहणारा, आणि पोलादाच्या मानानें बराच हलका.

परंतु हा धातु मोठा लहरी. एवढें मोठें विमान त्याचें कोणींही पूर्वीं बांधलेलें नव्हतें. शिवाय चांगल्या प्रतीचें टिटॅनियम अमेरिकेंत पुरेसें मिळेना, म्हणून त्यांतील बराच भाग मध्यस्थांच्या मार्फत सोव्हिएट रशियांतूनच विकत घेण्यांत आला. ज्या राष्ट्रावर नजर ठेवण्यासाठीं हें विमान घडत होतें, त्याच राष्ट्राच्या खाणींतून त्याच्या अंगाची धातु आली! कारखान्यांतही एकेक कोडें उभें राहूं लागलें. नेहमींच्या पान्यांवर कॅडमियम धातूचा मुलामा असतो. तसल्या पान्यांनीं आवळलेले बोल्ट तापले म्हणजे ठिसूळ होऊन तुटत. तेव्हां कॅडमियमचा मुलामा असलेलीं सारीं हत्यारें हुडकून बाहेर काढण्यांत आलीं. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे, हिवाळ्यांत वेल्डिंग केलेले भाग टिकत आणि उन्हाळ्यांत केलेले लवकर निकामी होत. शोध करतां करतां असें आढळलें कीं, उन्हाळ्यांत शेवाळें वाढूं नये म्हणून बर्बँक शहराच्या पाण्यांत क्लोरीन अधिक घालीत, आणि त्याच पाण्यानें हे भाग धुतले जात. तेव्हांपासून धुण्यासाठीं ऊर्ध्वपातित पाणी वापरण्यांत येऊं लागलें. नळाच्या पाण्यानें एका राष्ट्राच्या सर्वांत गुप्त विमानाची वाट अडवावी, आणि ती कोणा चिकाटीच्या माणसानें नोंदवह्या पडताळून मोकळी करावी, यांत या विमानाच्या साऱ्या कहाणीचें सार आहे.

आतां त्याच्या रूपाकडे पाहूं. त्याचा काळा रंग भीति घालण्यासाठीं नव्हता, किंवा केवळ रात्रीं लपण्यासाठींही नव्हता. काळा पृष्ठभाग उष्णता शोषून घेतो हें आपण शाळेंत शिकतों. परंतु तोच पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकण्यांतही अग्रेसर असतो. त्या उंचीवर सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षां घर्षणाची व दाबाची उष्णता फार मोठी. म्हणून ती टाकून देणारा काळा रंग विमानाला थोडें थंड ठेवी. पंखांच्या कांहीं भागांवर नालीदार पत्र्यासारख्या वळ्या होत्या. सपाट पत्रा तापून फुगला म्हणजे वेडावांकडा होतो. वळ्यांचा पत्रा फुगला तर वळ्या किंचित् खोल होतात, इतकेंच. पुढील कांच साध्या कांचेची टिकली नसती, म्हणून ती क्वार्ट्झची करावी लागली. उड्डाणांत सबंध विमान तापून कांहीं इंच लांब होई.

या लांब होण्यामुळें एक गोष्ट घडे, जिचें विमानप्रेमी मंडळींना फार कौतुक आहे. विमानाच्या टाक्या वेगळ्या नव्हत्या. त्याची कातडी हीच टाकीची भिंत होती. तापण्याथंड होण्याच्या फेऱ्यांनीं सांधे बुजविण्याचें लुकण फाटे, आणि जमिनीवर उभें असतां विमानांतून इंधन ठिबकत राही. म्हणून उड्डाण होतांच त्याला आकाशांत पुन्हा इंधन भरावें लागे, असें पुष्कळदां सांगतात. पण खरें कारण तें नाहीं. धांवपट्टीवर एखादें इंजिन बंद पडलें किंवा टायर फुटला, तर अंगावर ओझें कमी असलेलें बरें. म्हणून थोडकें इंधन घेऊन उडावें आणि मग इंधनवाहू विमानाकडून पोट भरून घ्यावें, अशी ती पद्धत होती. त्याचें पोट तरी केवढें! सुमारें ८०,००० पौंड इंधन त्यांत मावे.

हें इंधनही निराळें. साधें इंधन एवढ्या उष्णतेंत टाकींतच पेटलें असतें. म्हणून जे. पी. ७ नांवाचें असें इंधन तयार केलें कीं, त्यांत पेटती काडी टाकली तरी तें सहसा पेट घेत नसे. मग इंजिनांत तें पेटवावें कसें? त्यासाठीं हवेचा स्पर्श होतांच भडकणारें एक रसायन किंचित् सोडीत. त्याची हिरवी ज्वाळा क्षणभर चमके. शिवाय इंजिनाकडे जाण्यापूर्वीं हेंच इंधन विमानभर फिरवून तें यंत्रांची व वैमानिकांच्या खोलीची उष्णता शोषून घेई. म्हणजे जें जाळावयाचें, त्यानेंच आधीं थंड करावयाचें!

सर्वांत सुंदर योजना इंजिनाच्या तोंडाशीं होती. कोणतेंही जेट इंजिन ध्वनीपेक्षां वेगानें घुसणारी हवा पचवूं शकत नाहीं. ती आधीं मंद करावी लागते. यासाठीं दोन्हीं इंजिनांच्या मुखांत एकेक टोंकदार शंकु बसविलेला होता. वेग वाढे तसतसा हा शंकु मागें सरके. सर्वांत अधिक वेगाच्या वेळीं तो जवळ जवळ २६ इंच मागें गेलेला असे. त्याच्या सरकण्यानें हवेंतील आघाततरंग मुखाच्या आंत नेमक्या जागीं धरून ठेवला जाई, आणि हवा मंद होतां होतां तिचा दाब प्रचंड वाढे. पूर्ण वेगांत विमानाला पुढें लोटणाऱ्या जोरापैकीं अर्ध्याहून अधिक भाग या मुखांतील दाबाचा असे. एरव्हीं वेग वाढवावयाचा तर इंजिनावर ताण येतो. हें विमान मात्र आपल्या ठरलेल्या वेगाशीं येऊन पोंचलें म्हणजे तेथेंच त्याला अधिक सुखाचें वाटे.

पण हा तोल फार नाजुक होता. आघाततरंग जागेवरून निसटून बाहेर फेकला गेला, तर त्या बाजूचा जोर एका क्षणांत नाहींसा होई आणि विमान त्या बाजूस असा हिसका देई कीं, वैमानिकाचें शिरस्त्राण बाजूच्या कांचेवर आदळे. २५ जानेवारी १९६६ रोजीं एका चांचणीच्या उड्डाणांत, वळण घेत असतां असेंच झालें, आणि ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणारें विमान आकाशांत फुटलें. वैमानिक बिल वीव्हर यांना बाहेर उडी घेण्यासही अवसर मिळाला नाहीं. विमानच त्यांच्याभोंवतीं तुटून गेलें. दाब सांभाळणारा पोशाख आणि आपोआप उघडलेली हवाई छत्री, यांमुळें ते वांचले. त्यांचे सहकारी जिम झ्वेअर मात्र दगावले. या विमानांपैकीं एकही शत्रूच्या माऱ्यानें पडलें नाहीं, हें त्याचे चाहते अभिमानानें सांगतात आणि तें खरेंही आहे. परंतु ३२ पैकीं १२ विमानें अपघातांत नाहींशीं झालीं, हा आंकडाही त्याच दमांत सांगितला पाहिजे.

विक्रमांची यादी मोठी आहे, दोन-तीनच सांगतों. १ सप्टेंबर १९७४ रोजीं न्यूयॉर्क ते लंडन हें अंतर या विमानानें १ तास ५४ मिनिटें ५६ सेकंदांत कापलें. २८ जुलै १९७६ रोजीं त्यानें ताशीं ३,५२९ किलोमीटरांचा, म्हणजे दर सेकंदास जवळ जवळ एक किलोमीटराचा वेग नोंदविला. ६ मार्च १९९० रोजीं शँटिलीच्या संग्रहालयासाठीं राखून ठेवलेलें विमान लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला ६४ मिनिटें २० सेकंदांत येऊन दाखल झालें. संग्रहालयांत जातां जातां विक्रम करणारें असें दुसरें प्रदर्शनीय यंत्र क्वचितच असेल!

पण चाहत्यांना आंकड्यांपेक्षां गोष्टी अधिक प्रिय आहेत. ब्रायन शूल या वैमानिकानें सांगितलेली एक गोष्ट तर शेंकडों वेळां सांगितली जाते. लॉस एंजेलिसच्या आकाशांत एका लहानशा विमानाचा चालक रेडिओवरून जमिनीवरील नियंत्रकाला आपला वेग विचारतो. मग दुसरा, जरा मोठ्या विमानाचा, विचारतो. मग आरमाराच्या लढाऊ विमानाचा वैमानिक, सर्वांना ऐकूं जावें म्हणूनच कीं काय, तोच प्रश्न करतो. शेवटीं काळ्या विमानाच्या मागील आसनावरून वॉल्टर वॉटसन शांतपणें तेंच विचारतात, आणि नियंत्रकही तितक्याच शांत आवाजांत उत्तर देतो : ताशीं १,८४२ सागरी मैल. त्यानंतर रेडिओवर कोणीच बोलत नाहीं. गोष्टीची गोडी त्या आंकड्यांत नाहीं. आवाज कोणींच चढविला नाहीं, यांत आहे.

मग असें विमान निवृत्त कां केलें? येथें विचार करण्याजोगा मुद्दा येतो. वेग हें साधन होतें; साध्य होतें छायाचित्र. ८०,००० फुटांवरून हें विमान तासाला १,००,००० चौरस मैल भूमि टिपूं शके. उत्तर व्हिएतनाम, उत्तर कोरिया, क्यूबा, मध्यपूर्व, लिबिया या ठिकाणीं त्यानें तें काम केलें. ओकिनावा बेटावरील लोकांनीं त्याला आपल्याकडील विषारी सर्पाचें 'हाबू' हें नांव दिलें, आणि त्याच्या वैमानिकांनीं तें बिरुदासारखें मिरविलें. पण ज्या सोव्हिएट भूमीसाठीं त्याची कल्पना निघाली, त्या भूमीवर तें कधींही उडालें नाहीं. पॉवर्स प्रकरणानंतर माणूस बसलेलें विमान त्या देशावर पाठवावयाचें नाहीं, असें धोरण ठरलें होतें. हें विमान त्याच्या सीमांच्या कडेनेंच फिरत राहिलें. दरम्यान कृत्रिम उपग्रह तेंच काम कोणाचीही हद्द न मोडतां करूं लागले. विमानांतील छायाचित्रें तळावर परत आल्यावरच हातीं येत. उपग्रह तीं वरूनच पाठवूं लागले. एकेका उड्डाणामागें इंधनवाहू विमानांचा तांडा, खास इंधन, खास पोशाख, खास कारागीर, असा सारा संसार उभा करावा लागे. ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणारें विमान अखेर बातमी पोंचविण्याच्या बाबतींत मागें पडलें. १९९० मध्यें हवाई दलानें तें निवृत्त केलें. १९९५ मध्यें थोड्या काळासाठीं परत बोलाविलें. आणि १९९८ मध्यें कायमचा निरोप दिला. नंतर तें वर्षभर 'नासा' संस्थेच्या संशोधनासाठीं उडालें.

याच कोड्याला रशियन अभियंत्यांनीं दिलेलें उत्तर आपल्या देशानेंही जवळून पाहिलें आहे. मिग-२५ हें विमान एस्. आर्. ७१ प्रमाणेंच १९६४ मध्यें प्रथम उडालें. त्याच्या टेहळणी आवृत्तीचीं विमानें भारतीय हवाई दलांत १९८१ मध्यें आलीं आणि बरेली येथून २००६ पर्यंत उडत राहिलीं. 'गरुड' हें त्यांचें आपल्याकडील नांव. उष्णतेशीं सामना त्यांनाही होता. परंतु रशियनांनीं टिटॅनियमचा हट्ट धरला नाहीं. बहुतेक विमान निकेलयुक्त पोलादाचें, वेल्डिंग करून जोडलेलें केलें. तें जड झालें, आणि ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या थोडें अलीकडेच थांबणें त्याच्या इंजिनांना हितकर होतें. पण तें नेहमींच्या कारखान्यांत, नेहमींच्या कारागिरांकडून बांधतां आलें, आणि म्हणून हजाराहून अधिक संख्येनें बांधलें गेलें. एका उत्तरांत पराकाष्ठेची सिद्धि आहे, दुसऱ्यांत व्यवहाराचें शहाणपण आहे. काळ्या पक्ष्यावर प्रेम करणाऱ्यानें गरुडालाही नमस्कार करावा, म्हणजे त्याचें प्रेम डोळस झालें असें म्हणतां येईल.

युद्धाच्या यंत्रावर प्रेम करावें कीं नाहीं, असा प्रश्न विचारी मनाला पडणें स्वाभाविक आहे. हें विमान निःशस्त्र होतें. त्यानें बाँब टाकला नाहीं. तरी तें भयाच्या युगांत, भयापोटीं जन्मलें, आणि त्यानें आणलेल्या चित्रांवरून दुसऱ्यांनीं बाँब टाकले, हें विसरतां येत नाहीं. माझ्या मतें भक्ति करावी ती पान्यांवरील मुलामा आणि नळांतील क्लोरीन शोधून काढणाऱ्या माणसांची. आजच्यासारखीं गणकयंत्रें हाताशीं नसतांना, स्लाइडरूल व कागद घेऊन त्यांनीं हा हिशेब जुळविला. आपल्या घरांतील मुलानें या काळ्या विमानाचें चित्र भिंतीवर लावलें, तर तें काढावयास लावूं नये. तें किती वेगानें जात असे, हें तो आपण होऊन सांगेल. तें काळें कां होतें, त्याची कांच वेगळी कां होती, आणि एवढें करूनही तें घरीं कां बसलें, एवढे तीन प्रश्न मात्र त्याला अवश्य विचारावेत.